सोंग घेतलेला रुग्ण

8 सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. वसईत हाच दिवस मरियामातेच्या जन्मोत्सवाचा. गुडघेदुखीने बेजार झालेल्या सांडोरच्या एखाद्या आजीला त्या दिवशी मिस्सामध्ये सर्वांत जास्त काय सलत असेल, तर गुडघे टेकता न येणे. बंगलीच्या कार्डिनल ग्रेशियस रुग्णालयात किंवा आसपासच्या एखाद्या दवाखान्यात उद्या रुजू होणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्टसमोर ही आजी येणार आहे. त्याची तयारी कशावर झालेली असेल?

पोलिओच्या साथीनंतर 1953 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने परळच्या केईएम रुग्णालयात देशातले पहिले फिजिओथेरपी विद्यालय सुरू झाले. तेव्हापासूनची रीत अशी, की आधी एकमेकांवर हात बसवायचा आणि मग थेट वॉर्ड गाठायचा. पण वर्गमित्राचा खांदा धडधाकट असतो. अर्धांगाच्या रुग्णाला उठवताना घाईत लुळा हात ओढला, तर खांदा सांध्यातून सरकू शकतो. हे पुस्तकात पाठ झालेले असते, हाताला ठाऊक नसते. पहिल्या चुकीची किंमत रुग्णच मोजतो.

त्यावरचा उपाय जुनाच आहे. 1963 मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज या मेंदुविकारतज्ज्ञाने एका निरोगी स्त्रीला पायांतले बळ गेलेल्या रुग्णाची भूमिका शिकवली आणि विद्यार्थ्यांना तिला तपासायला लावले. आपल्याकडे मात्र नकली रुग्णावरची अशी तालीम, म्हणजेच सिम्युलेशन, म्हटले की महागडा पुतळाच डोळ्यांसमोर येतो. अतिदक्षता विभागातली छातीची फिजिओथेरपी शिकायला पुतळा हवाच. पण तो कण्हत नाही, लाजत नाही आणि मुख्य म्हणजे खोटे बोलत नाही. “व्यायाम रोज करते हो,” असे सांगणारी आणि आठवडाभर पाय न हलवलेली आजी ओळखायला शिकायचे, तर समोर माणूसच हवा.

तो माणूस वसईतच शोधावा. निवृत्त शिक्षक, हौशी नाट्यमंडळांतले कलाकार, वाडीत राबलेल्या बाया यांना शिकवून, रीतसर मानधन देऊन रुग्ण म्हणून बसवावे. त्यांनी वाडवळी, सामवेदी या इथल्या बोलींत दुखणे सांगावे. भाजी खुडायला उकिडवे बसता येत नाही, हे सांगावे. सोबत सासऱ्यांचा हात धरून ओढणारा एखादा उतावळा जावईही असावा. शेवटी सोंग उतरवून त्यांनीच विद्यार्थ्याला सांगावे, “बाळा, हात लावण्याआधी विचारलं नाहीस.” हे प्राध्यापकाने सांगण्यापेक्षा जास्त लागते.

एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फिजिओथेरपीसह दहा आरोग्यशाखांचे कौशल्याधारित अभ्यासक्रम जाहीर केले. आता सिम्युलेशन प्रयोगशाळांच्या जाहिराती वाढतील, आणि सावध राहायचे ते इथेच. ऑस्ट्रेलियात 370 फिजिओथेरपी विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत चार आठवड्यांच्या प्रात्यक्षिकातला पाव भाग सिम्युलेशनने भरला, तरी कौशल्यात उणीव दिसली नाही. हा पाव भागाचा हिशेब आहे. उरलेले पाऊण प्रात्यक्षिक खऱ्या रुग्णांसोबतच झाले होते. ज्या महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दुपारी चिटपाखरू नसते, त्याने हा निष्कर्ष दाखवून खऱ्या रुग्णांवरच्या प्रात्यक्षिकातून सवलत मागितली, तर तपासणी समितीने आधी रुग्णनोंदवही मागवावी.