संपादक-आज्ञावलीची घडण आणि देवनागरी अक्षर

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील रूळ-मिलमध्ये दोन निरनिराळ्या जातींचे निर्णय घेतले जातात. रूळ दर मीटरला 52 किलो वजनाचा व्हावा की 60 किलो, हे तापलेले पोलाद रोलांमध्ये शिरण्यापूर्वीच ठरलेले असते. कारण रुळाचा आकार त्या रोलांवर कोरलेल्या खाचांत असतो. पोलाद एकदा त्या खाचांतून बाहेर पडले की मागाहून त्याचा छेद बदलत नाही. लांबीचे मात्र तसे नाही. तयार रूळ हवा तेथे कापता येतो किंवा दुसऱ्या रुळास जोडून लांबविता येतो. भिलाईहून 260 मीटर लांबीचे जोडरूळ रेल्वेकडे जातात. पहिला निर्णय घडणीच्या वेळचा आणि दुसरा घडणीनंतरचा.

संगणकाच्या आज्ञावल्यांतही हाच भेद आढळतो. आज्ञावली प्रथम माणसास वाचता येईल अशा मूळ संहितेच्या स्वरूपात लिहिली जाते. कंपायलर नावाची दुसरी आज्ञावली त्या संहितेचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करते. या रूपांतरापूर्वी जे पर्याय निवडावयाचे, ते घडणीचे पर्याय. निवडलेला भाग यंत्रभाषेत उतरतो; गाळलेला भाग तयार आज्ञावलीत नसतोच, मग वापरणाऱ्याने किती कळा दाबल्या तरी तो प्रकट होणार कोठून? अक्षरांचा रंग किंवा ओळीची रुंदी हे वापराच्या वेळचे पर्याय होत. ते कोणासही केव्हाही बदलता येतात.

मजकूर लिहिण्यासाठी व सुधारण्यासाठी जी आज्ञावली वापरतात तिला संपादक म्हणतात. सजावट न करता केवळ अक्षरे साठविणारे हे साधन संगणकावरील बहुतेक कामांच्या मुळाशी असते. अशा संपादकांपैकी व्हिम हा फार प्रसिद्ध आहे. नेदरलंड्समधील ब्राम मोलेनार यांनी तो अमिगा या संगणकासाठी 1991 साली प्रथम प्रसिद्ध केला आणि 2023 साली मृत्यू येईपर्यंत त्याची जोपासना केली. (हा संपादक उघडताच युगांडातील गरीब मुलांना साहाय्य करण्याची विनंती पडद्यावर दिसते. यंत्राच्या तोंडून असे आवाहन क्वचितच ऐकू येते.) अमिगानंतर व्हिम युनिक्स, डॉस, विंडोज, व्हीएमएस इत्यादी अनेक प्रणालींवर गेला. प्रत्येक यंत्राची चाल वेगळी. एक ओळ संपली हे कोठे एका चिन्हाने दाखवितात, तर कोठे दोन चिन्हांनी. पडदा पुसण्याची आज्ञा सर्वत्र एक नाही. तेव्हा एकाच संहितेत सर्व यंत्रांची सोय ठेवून, घडणीच्या वेळी त्या त्या यंत्रास लागेल तेवढाच भाग उचलावयाचा, हा मार्ग पत्करण्यात आला.

हे उचलण्याचे काम युनिक्स जातीच्या प्रणालींवर 'कॉन्फिगर' नावाची एक लहान आज्ञावली करते. तिची रीत मोठी शहाणपणाची आहे. यंत्राचे नाव विचारून त्यावर विश्वास ठेवण्याऐवजी ती चारदोन ओळींची चाचणी-आज्ञावली लिहिते, ती कंपायलरकडून रूपांतरित करवून चालवून पाहते आणि जे दिसेल त्यावरून निष्कर्ष काढते. लहान लिपीतील अक्षर मोठ्या लिपीत नेणारे कार्य येथे बरोबर चालते काय, पडदा हाताळणारा ग्रंथसंच उपलब्ध आहे काय, असे अनेक प्रश्न ती एकामागून एक विचारते. मात्र ज्या यंत्रासाठी घडण करावयाची ते समोर नसेल, उदाहरणार्थ शाळेतील रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकासाठी मोठ्या संगणकावर घडण चालली असेल, तर ही परीक्षा घेता येत नाही. अशा वेळी व्हिमची घडण अडते आणि काही प्रश्नांची उत्तरे माणसानेच द्यावीत अशी मागणी करते. चुकीचे उत्तर दिले तरी घडण पुरी होते. दोष पुढे कधीतरी तिसऱ्याच माणसास जाणवतो.

येथपर्यंतची हकीकत यंत्रांची झाली. परंतु काही पर्याय यंत्राविषयी नसून वापरणाऱ्या माणसाविषयी असतात, आणि तेथे प्रश्न निराळा होतो. व्हिमची घडण करताना वैशिष्ट्यांचा संच अतिलघु हवा, मध्यम हवा की अतिविशाल, हे सांगावे लागते. एका अक्षरासाठी एकाहून अधिक बाइट वापरणाऱ्या लिप्या हाताळण्याची क्षमता हीदेखील दीर्घकाळ असाच एक पर्याय होती. ती मोठ्या संचांबरोबर येई. लहान संच निवडणाऱ्याने ती मुद्दाम मागून घ्यावी लागे.

याचा मराठीशी संबंध काय, तो एका शब्दावरून स्पष्ट होईल. 'मराठी' हा शब्द वाचकास तीन अक्षरांचा वाटतो. युनिकोड या जागतिक संकेतात तो म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी असा पाच चिन्हांचा आहे. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणजे हा शब्द साठविताना पंधरा बाइट खर्च होतात. इंग्रजीतील अक्षरास एकच बाइट पुरतो. ज्या संपादकाच्या घडणीत बहुबाइट लिप्यांचा भाग गाळला आहे, त्यास ही पंधरा स्वतंत्र अक्षरे दिसतात. त्यात एक अक्षर खोडण्याची कळ दाबली तर 'म'चा तिसरा हिस्सा तेवढा नाहीसा होतो आणि उरतो तो कोणत्याही लिपीत नसलेला अवशेष. मजकूर वाचता न येणे ही गैरसोय होय. परंतु न दिसणारा मजकूर नकळत बिघडविणे ही हानी होय, आणि अशा संपादकाकडून ती सहज घडते.

भारतात हा प्रश्न पूर्वी वेगळ्या मार्गाने सोडविला गेला होता. इस्की या भारतीय संकेताचे मानक 1991 साली प्रसिद्ध झाले. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एकाच बाइटात मावत असे, इंग्रजी अक्षरांसाठी न वापरलेल्या वरच्या अर्ध्या भागात. 'मराठी'ला तेथे पाचच बाइट पुरत. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेले जिस्ट तंत्र तर त्याहून पुढे गेले. संगणकात बसविण्याच्या एका कार्डावर अक्षरजोडणीचे काम सोपविल्यामुळे, इंग्रजीसाठी घडविलेल्या आज्ञावल्या पुन्हा न घडविता त्यांत भारतीय लिप्या उमटू लागल्या. ते तंत्र कल्पक होते यात शंका नाही. पण कार्ड घेणाऱ्यापुरतीच ती सोय होती. ते नसलेल्या यंत्रावर प्रश्न जेथल्या तेथेच राहिला.

व्हिमने बहुबाइट क्षमतेचा पर्याय 2019 च्या आरंभी काढून टाकला. तेव्हापासून अतिलघु संचातही ही क्षमता अंगभूत असते. हा निर्णय योग्य होता. तो उशिरा झाला, असे मात्र म्हटले पाहिजे. 1991 च्या डॉस यंत्रात आज्ञावल्यांना वापरण्यास 640 किलोबाइट एवढीच मुख्य स्मृती सहजी मिळे. तेव्हा प्रत्येक किलोबाइटाचा हिशेब करणे भागच होते आणि डच, इंग्रजी किंवा जर्मन लिहिणाऱ्यास बहुबाइट लिपीची गरजही नव्हती. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. परंतु स्मृती हजारो पटींनी वाढल्यावरही तोच हिशेब चालू राहिला, आणि कोट्यवधी लोकांची लिपी ही 'हवी असल्यास घ्यावी' अशा वस्तूंच्या यादीत राहिली. त्याच यादीत अरबी आणि फारसी यांसाठीही स्वतंत्र पर्याय होते. फारसीचा पर्याय 2019 सालीच काढला गेला, कारण युनिकोडच्या सर्वसामान्य मार्गाने ते काम अधिक चांगले होऊ लागले होते. ही दिशा स्वागतार्ह आहे. एकेका भाषेसाठी एकेक खिडकी ठेवण्यापेक्षा सर्वांसाठी एकच रुंद दरवाजा बरा.

तथापि बाइट सुरक्षित राहिले म्हणजे अक्षर नीट दिसेल असे नव्हे. देवनागरीत पहिली वेलांटी उच्चारात नंतर येते आणि लेखनात आधी बसते. जोडाक्षरांत व्यंजनांची रूपे बदलतात. ही जुळणी करणारा स्वतंत्र ग्रंथसंच असतो. ईमॅक्स या दुसऱ्या प्रसिद्ध संपादकात 2009 च्या 23 व्या आवृत्तीपासून अशी सोय आली आणि 2020 च्या 27 व्या आवृत्तीपासून हार्फबझ हा ग्रंथसंच त्यासाठी वापरला जातो. पण तोही घडणीचाच पर्याय आहे. घडणीच्या वेळी यंत्रावर हार्फबझ सापडला नाही किंवा 'विदाउट-हार्फबझ' असे लिहिले, तर तो वगळला जातो. कॉन्फिगरच्या शेवटी छापल्या जाणाऱ्या लांबलचक यादीत 'हार्फबझ : नाही' अशी एक ओळ येते. घडण करणारा गृहस्थ मराठी वाचीत नसेल, तर त्या ओळीवर त्याची दृष्टी थबकण्याचे काही कारण नाही.

मराठीपुरती कसोटी सोपी आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. दोन्ही शब्दांत पाच चिन्हे असून त्यांत फरक एकाच चिन्हाचा आहे : एकात साधा र, दुसऱ्यात खाली नुक्ता असलेला ऱ. जुळणी करणारा भाग असेल तर पहिल्यात रफार शिरोरेषेवर चढतो आणि दुसऱ्यात अर्ध्या र-चे आडवे चिन्ह 'य'ला चिकटते. तो नसेल तर दोन्हींत पाय मोडलेला र उभा राहतो. हिंदीसाठी पारखलेली यंत्रणा येथे फसू शकते, कारण हिंदीत या आडव्या र-ची गरज पडत नाही. ही गोष्ट भिलाईसारख्या गावी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाबरोबर पोलाद कारखान्याचा करार झाला तेव्हा भिलाई ज्या मध्यप्रदेश राज्यात होती त्याची राजधानी नागपूर होती; मराठी आणि हिंदी दोन्ही तेथे नांदत. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ वेगळा झाला. छत्तीसगड राज्य 2000 साली झाले. गोंदियाहून येणारा रेल्वेमार्ग आजही दुर्ग-भिलाईतून जातो. अशा प्रदेशातील वाचनालयात एकाच यंत्रावर हिंदी, छत्तीसगढी आणि मराठी या तिन्ही भाषांचे लेखन होऊ शकते. लिपी एकच म्हणून गरजा एकच, असे धरून चालता येत नाही.

पर्यायच नकोत, असा या सर्वाचा अर्थ नव्हे. बिघडलेला संगणक दुरुस्त करण्यासाठी लागणारा संपादक लहानच असावा. चिमुकल्या यंत्रात चित्रमय खिडक्यांचे ओझे घालण्यात अर्थ नाही. डेबियन या प्रणालीत एकाच व्हिमच्या अनेक घडणी मिळतात आणि मूळ स्थापनेबरोबर येते ती सर्वांत लहान. तिच्यात बाइट सुरक्षित असतात; पण संपादकाची स्वतःची कळपट्टी बदलण्याचा भाग नसतो, त्यामुळे त्या मार्गाने देवनागरी लिहिता येत नाही. सी-डॅकने 2007 पासून प्रसिद्ध केलेली बॉस ही भारतीय प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे. संहिता परकी असली तरी घडण आपल्याकडे करता येते, हे तिने दाखविले आहे. काही दोष घडणीने सुटतही नाहीत. व्हिम प्रत्येक चिन्हास सारख्या रुंदीच्या चौकटीत बसवितो. तेथे 'क्षि' पूर्ण समाधानकारक दिसणे कठीण, मग पर्याय कोणताही निवडा. ही मूळ रचनेची मर्यादा आहे आणि ती स्पष्ट सांगितलेली बरी.

म्हणून आग्रह धरावयाचा तो दोन गोष्टींचा. लिपीचे अस्तित्व ज्यावर अवलंबून आहे तो भाग घडणीचा पर्याय असू नये. यंत्राची सोय गाळता येईल, वाचकाची भाषा गाळता येऊ नये. आणि जेथे तो अजून पर्याय आहे, तेथे शाळा व वाचनालये यांनी आज्ञावलीच्या आवृत्तीबरोबर तिची घडणही तपासून नोंदवावी. यास तज्ज्ञ लागत नाही. व्हिममध्ये 'व्हर्जन' ही आज्ञा दिली की सर्व वैशिष्ट्यांची यादी येते. असलेल्यापुढे अधिक आणि नसलेल्यापुढे उणे चिन्ह असते. ईमॅक्समध्ये 'सिस्टिम-कॉन्फिगरेशन-फीचर्स' या नावाखाली अशीच यादी सापडते आणि तीत हार्फबझ आहे की नाही ते पाहता येते. त्यानंतर 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द एकाखाली एक लिहावेत, फाइल साठवून पुन्हा उघडावी, एकेक चिन्ह खोडून पाहावे. यंत्र विकत घेण्याच्या कागदांवर स्मृती किती आणि पडदा केवढा हे लिहून घेतले जाते. त्याच कागदावर या दोन शब्दांचा निकाल लिहिण्यास एक ओळ पुरेल.