शाळा जवळ, पण शेजार कोठे?

मे महिना लागला की पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांत घर बदलण्याची लगबग सुरू होते. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आलेला असतो, जूनमध्ये शाळा उघडावयाच्या असतात, आणि मुलास एखाद्या खासगी शाळेत प्रवेश मिळाला असेल तर साऱ्या कुटुंबाचे बिऱ्हाड त्या शाळेच्या दिशेने हलते. पूर्वी घर पाहताना नळाचे पाणी, मंडई आणि कचेरीचे अंतर यांची चौकशी होई. आता पहिली चौकशी शाळेची होते. घरे विकणाऱ्यांनी ही नाडी नेमकी ओळखली असून ‘नामांकित शाळेपासून अवघ्या पाच मिनिटांवर’ हे वाक्य त्यांच्या जाहिरातींत कायमचे वस्तीला आले आहे. ही पाच मिनिटे पायी चालणाऱ्याची की रविवारी पहाटे मोटार हाकणाऱ्याची, याचा खुलासा मात्र कोणी करीत नाही.

शाळा घराजवळ असावी या इच्छेत आम्हांस यत्किंचितही गैर दिसत नाही. सहा वर्षांच्या मुलाने रोज दोन तास बसमध्ये पेंगत काढावेत, यापेक्षा बापाने कचेरीचा प्रवास वाढवून घेतलेला बरा. आमचे म्हणणे एवढेच की, फाटक पाहून घर घेणारा गृहस्थ घर आणि फाटक यांच्यामधला रस्ता पाहत नाही. उंड्री 2017 मध्ये आणि वाघोली 2021 मध्ये पुणे महापालिकेत आली. परंतु इमारती त्यापूर्वीच उभ्या राहू लागल्या होत्या आणि रस्ते मागाहून धावत आहेत. शहराच्या कडेच्या अशा भागांत शाळा अर्ध्या मैलावर असूनही मूल पायी जाऊ शकत नाही, कारण पदपथ मध्येच संपतो, आणि जेथे तो असतो तेथे दुचाक्या उभ्या असतात. मग ते अर्धा मैलही मोटारीतून जाते. अशी शेकडो मुले मोटारींतून आली की फाटकासमोर जी कोंडी होते, तिच्यातून चालत येणाऱ्या मुलाचा जीव धोक्यात पडतो. म्हणून त्याचे आईबापही दुसऱ्या दिवसापासून मोटार काढतात. 2024 च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी 9 पूर्वी भरवू नयेत असा निर्णय केला तो मुलांस पुरेशी झोप मिळावी म्हणून. ती मिळालेली झोप या कोंडीत खर्ची पडणार असेल तर त्या निर्णयाचे चीज कसे व्हावे?

पुण्यास खासगी शाळा नव्या नाहीत. न्यू इंग्लिश स्कूल 1880 चे, नूतन मराठी विद्यालय 1883 चे आणि मुलींसाठी हुजूरपागा 1884 ची. या संस्था सरकारने काढलेल्या नव्हत्या. समाजातील जाणत्या माणसांनी त्या काढल्या. त्या पेठांच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि पेठांतली मुले त्यांत पायी गेली. शिक्षक त्याच वस्तीत राहत, त्यामुळे वर्गात केलेला खोडसाळपणा संध्याकाळपर्यंत घरी कळे. (या व्यवस्थेविषयी त्या काळच्या विद्यार्थ्यांचे मत आमच्याइतके अनुकूल नसावे!) आजचा क्रम उलटा आहे. तीनशे बिऱ्हाडांच्या एकाच संकुलातून सकाळी निरनिराळ्या रंगांच्या आठ-दहा बसगाड्या निरनिराळ्या शाळांकडे निघतात. संध्याकाळी ती मुले अंगणात भेटली तरी त्यांना सामाईक असे काही नसते. एकाची परीक्षा असते तेव्हा दुसऱ्याला सुट्टी असते. कुटुंबास मानवणारी वस्ती म्हणून जी विकली जाते, तिच्यात मुलाला शाळासोबती म्हणून एकही शेजारी नसावा, ही गोष्ट आम्हांस पाण्याच्या टँकरइतकीच गंभीर वाटते.

आणि शेजार म्हणजे केवळ आपल्या संकुलाची भिंत नव्हे. कोठारी आयोगाने (1964-66) शेजारशाळेची कल्पना मांडली ती हेच ध्यानी घेऊन. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांतील प्रवेशाच्या वर्गात 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या, त्याही शेजारातील मुलांसाठी. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांस या बंधनातून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो बदल रद्द ठरविला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. निकाल योग्यच झाला, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईची आणि फाटकावरील रखवालदाराची मुले कोठे शिकतात, हा प्रश्न घर घेणाऱ्या किती सुशिक्षितांनी स्वतःस विचारला असेल? ज्या शाळेच्या सान्निध्यासाठी आपण वीस वर्षांचे कर्ज काढतो, त्याच शाळेच्या पाठीमागील वस्तीतील मुलास तिचे दार बंद असेल, तर आपण शेजार घेतलेला नाही, फक्त जागा घेतली आहे.

नवे घर पाहण्यास निघालेल्या वाचकांस काही गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. शाळेच्या वेळेस, कामाच्या दिवशी, शक्य तर भर पावसात त्या रस्त्याने मुलाचा हात धरून एकदा चालून यावे. शाळेस शासनाची मान्यता आहे काय, हे कागद पाहून ठरवावे. शिक्षण खाते अनधिकृत शाळांच्या याद्या प्रसिद्ध करीत असते आणि तरीही दरवर्षी पालक फसतात. ‘सीबीएसई पॅटर्न’ हे शब्द म्हणजे त्या मंडळाची संलग्नता नव्हे. वर्ग कोणत्या इयत्तेपर्यंत आहेत तेही विचारावे, नाहीतर आठवीनंतर पुन्हा बिऱ्हाड हलवावे लागते. आणि विकास आराखड्यात आसपास प्राथमिक शाळा वा क्रीडांगण यांसाठी राखलेली जागा असेल तर तिच्यावर आज काय उभे आहे, ते डोळ्यांनी पाहून यावे. माहितीपत्रकातील हिरव्या रंगावर भिस्त ठेवू नये.

परंतु एकट्यादुकट्या पालकाच्या सावधगिरीने रस्ता रुंद होत नाही. महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आहे. ते कागदावरून शाळांच्या फाटकाशी आणणे हे तिचे काम आहे. शाळा मोठी असो की लहान, खासगी असो की महापालिकेची, तिच्या फाटकापासून चहूबाजूंस अर्ध्या किलोमीटरपर्यंत सलग पदपथ, रस्ता ओलांडण्यास उंचवट्याची जागा आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी वाहने उभी करण्यास बंदी, एवढे तीन उपाय योजण्यास फार मोठा खजिना लागत नाही. नव्या इमारतीस परवानगी देतानाच तेथून शेजारच्या शाळेपर्यंत मूल पायी कसे जाणार, हे नकाशावर दाखविण्याची अट बांधकाम करणाऱ्यावर घालावी. शाळा सुरू होण्यास अद्याप काही आठवडे आहेत. निदान कडेच्या भागांतील पदपथांवर पडलेला राडारोडा तेवढ्या अवधीत उचलला जातो का, ते आम्ही पाहत आहोत.