खरमोराच्या विणीचे माळ राखण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) तथा मुख्य वन्यजीव अभिरक्षक,
मध्य प्रदेश शासन, वन भवन, भोपाळ

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, रतलाम, धार व झाबुआ. मध्य प्रदेश राज्य जैवविविधता मंडळ, भोपाळ

दिनांक : २ मे २०२५

विषय : सैलाना, सरदारपूर व पेटलावद परिसरातील खरमोराच्या विणीच्या गवताळ जमिनी येत्या पावसाळ्यापूर्वी सुरक्षित करण्याबाबत.

महोदय,

आम्ही खाली सही करणारे भोपाळमधले मराठी भाषक नागरिक. आमच्यात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत नोकरी करणारे आहेत, कॉलेजात शिकणारी मुलेही आहेत. पक्षी पाहण्याच्या ओढीने आमच्यापैकी काहीजण अनेक वर्षे श्रावणात तीनशे किलोमीटर दूर सैलान्याला जात आले आहेत. आमच्या घरात ज्याला तणमोर म्हणतात त्याला माळव्यात खरमोर म्हणतात. आपल्या दप्तरी तेच नाव आहे, म्हणून इथे तेच वापरतो. निवेदनाची हिंदी प्रत सोबत जोडली आहे.

हा पक्षी गावठी कोंबडीपेक्षाही लहान, वजनाने जेमतेम अर्धा ते पाऊण किलो. एरवी तो गवतात असा मिसळून जातो की पायाशी असला तरी दिसत नाही. पण पाऊस पडून गवत गुडघ्याला लागले की नर काळाभोर होतो, त्याच्या डोक्यामागे तुऱ्यासारखी पिसे फुटतात आणि मादीला दिसावे म्हणून तो गवताच्या वर उड्या मारू लागतो. बेडकाच्या डरकण्यासारखा आवाज, एक उसळी, क्षणभर पंखांची फडफड, की पुन्हा गवतात गडप. एक नर दिवसाला पाचशेपर्यंत उड्या मारतो. हे दृश्य ज्याने एकदा पाहिले त्याला पुढचा पावसाळा घरात बसवत नाही. इंग्रजी अमदानीत बंदुकवाले शिकारी नेमके याच उडीवर नेम धरत. नर ऐन विणीच्या दिवसांत मारले जात आणि तो खेळ समजला जाई.

ती बंदूक कायद्याने थांबली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने खरमोराला अनुसूची १ मध्ये घातले आहे. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम २(१६) कडे आम्ही आपले लक्ष वेधतो. पक्ष्याला मारणे एवढीच तिथे शिकारीची व्याख्या नाही. अंडी फोडणे, घरट्याला धक्का लावणे हीसुद्धा शिकारच आहे. मादी तीन-चार अंडी उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला घालते. त्यावरून गुरांचा कळप गेला, कोळपे फिरले किंवा ट्रॅक्टरचे चाक गेले तर काडतूस न उडता शिकार झालेली असते. ती करणाऱ्याला बहुधा कळतही नाही. म्हणून आम्ही इथे कुणा शेतकऱ्याला आरोपी करायला आलेलो नाही.

संख्या आपल्या खात्याला ठाऊक आहेत, तरी नोंदीसाठी देतो. १९८२ मध्ये देशात खरमोर सुमारे ४,३७४ होते. दुष्काळी वर्षांनंतर, १९८९ मध्ये, ते १,६७२ वर आले. पाऊस बरा झाला तसे सावरून १९९९ पर्यंत ३,५३० झाले. म्हणजे गवत मिळाले तर हा पक्षी परत येतो. त्यानंतर मात्र तो सावरला नाही. २०१७ च्या देशव्यापी पाहणीत अंदाज सातशेच्याही खाली गेला. दोन दशकांच्या आत सुमारे ८० टक्के घट. आज तो जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. पाऊस मधल्या काळात अनेकदा चांगला पडला, तेव्हा या वेळी दोष आभाळाला देता येणार नाही.

दोष जमिनीवर आहे. माळव्याच्या काळ्या मातीत ज्वारी, भुईमूग आणि मोकळ्या बिडांची, म्हणजे गवताच्या कुरणांची, जागा सोयाबीनने घेतली. जूनअखेर पेरणी, जुलै-ऑगस्टमध्ये तणनाशक आणि कीटकनाशक, लवकर येणाऱ्या वाणांची सप्टेंबरात कापणी : हे वेळापत्रक खरमोराच्या विणीच्या वेळापत्रकावर नेमके येऊन बसते. फवारणीने नाकतोडे आणि भुंगेरे मरतात, तेच तर पिल्लांचे अन्न. उरलेल्या गवताळ जमिनीला सरकारी नकाशे पडीक म्हणतात, मग तिथे खड्डे खणून झाडे लावली जातात. झाडे लावणे पुण्याचे काम आहे, पण खरमोराच्या माळावर लावलेले झाड त्याचे घर मोडते, शिवाय शिकारी पक्ष्यांना बसायला फांदी देते. पठारावर पवनचक्क्या आणि विजेच्या तारा वाढल्या. मोकाट कुत्री गावोगाव आहेतच.

अभयारण्ये आहेत. सैलाना आणि सरदारपूर ही दोन्ही १९८३ मध्ये, डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने घोषित झाली. पण सरदारपूरच्या ३४८ चौरस किलोमीटरमधली बरीचशी जमीन लोकांच्या खासगी मालकीची. चौदा गावांतल्या माणसांनी जमिनीच्या खरेदीविक्रीवरचे निर्बंध वर्षानुवर्षे सोसले. मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्याच्या खर्चासाठी एकरभर जमीन विकता येत नसेल, तर त्या घराला खरमोराचे नाव कसे ऐकवेल? हा अनुभव याच राज्याने आधी घेतला आहे. शिवपुरी जिल्ह्यातले करेरा १९८१ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. काळवीट वाढले, पिके खाल्ली गेली, लोक चिडले, आणि १९९० च्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला. आमच्या महाराष्ट्रातही तेच झाले. सोलापूरच्या नान्नजला बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ मध्ये माळढोक शोधून काढला, १९७९ मध्ये अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर, त्यात शहरे, कारखाने, उसाची शेते सगळेच आले. पुढे ते १,२२२ वर आणावे लागले, आणि तोवर पक्षी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. नकाशावर मोठी रेघ ओढून पक्षी वाचत नाही. खरमोराच्या बाबतीत हीच चूक आपल्या डोळ्यांदेखत पुरी होऊ नये, यासाठी हे निवेदन आहे.

आमची पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची मागणी पैशांची आहे, आणि ती शेतकऱ्याच्या वतीने आहे. आपल्या शेतात खरमोर दिसल्याची खबर देणाऱ्याला, घरटे राखणाऱ्याला बक्षीस देण्याची योजना वनविभागाने सैलान्यात राबवली. आमच्या मते या पक्ष्यासाठी खात्याने केलेले हे सर्वांत शहाणपणाचे काम. ते बक्षिसाच्या पातळीवर न ठेवता त्याला नुकसानभरपाईचे रूप द्यावे. घरट्याभोवतीचे पीक न फवारता, न कापता उभे ठेवणाऱ्याला त्या तुकड्याच्या पूर्ण उत्पन्नाइतकी रक्कम बाजारभावाने आणि दिवाळीच्या आत मिळावी. जमीन बटईने केलेली असेल तर रक्कम कसणाऱ्याच्या हातात पडावी, कारण कोळपे थांबवायचे की नाही हे तोच ठरवतो. मान्यता परिक्षेत्र पातळीवरच व्हावी. भोपाळपर्यंत फाईल येऊन परत जाईपर्यंत पिल्ले उडून गेलेली असतात, किंवा मेलेली असतात.

दुसरे, सरकारी बिडांत जुलैपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चराई आणि गवतकापणी पूर्ण बंद ठेवावी, आणि त्या काळात आसपासच्या गावांना चारा खात्याने पुरवावा. चाऱ्याशिवाय बंदी घातली तर रात्री गुरे घुसणारच. या बिडांत यापुढे एकही झाड लावू नये, लावलेली विलायती बाभूळ काढावी. अभयारण्याबाहेर, पेटलावदसारख्या ठिकाणी, कलम ३६-सी (36C) खाली लोकांच्या संमतीने समुदाय राखीव क्षेत्र करता येते. त्याने मालकाची जमीन मालकाचीच राहते. सरदारपूरच्या हद्दीबाबत जो काही निर्णय होईल, त्याआधी खरमोर प्रत्यक्ष वापरतो त्या गवताची जमीनवार नोंद व्हावी आणि ती गावसभेत वाचून दाखवली जावी.

राखणदारांबद्दल थोडे सविस्तर सांगावेसे वाटते. अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजातल्या लोकांनी तणमोर आणि त्याचे गवत राखायला सुरुवात केली. फासा लावणाऱ्या हातांना पक्ष्याची चाल, घरट्याची जागा, मादीचा स्वभाव जितका माहीत असतो तितका दुर्बीण लावणाऱ्या आम्हालाही नसतो. आपल्या राज्यात मात्र पारधी माणूस माळावर दिसला की पहिला संशय त्याच्यावर येतो. इंग्रजांनी त्यांच्यावर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का कायद्यातून गेला, मनातून गेला नाही. या समाजातल्या आणि स्थानिक भिल्ल कुटुंबांतल्या लोकांना चार महिन्यांचे नव्हे, बारा महिन्यांचे वेतन देऊन राखणदार नेमावे, ही आमची आग्रहाची मागणी आहे.

शेवटची गोष्ट गणतीची. अमेरिकेत रानटर्की बेसुमार शिकारीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपत आली होती. १९३७ मध्ये बंदुका व काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी वळवणारा कायदा झाला, जाळ्यांनी धरलेले पक्षी नव्या रानांत सोडले गेले आणि संख्या साठ लाखांच्या पुढे गेली. गेल्या काही वर्षांत आग्नेयेकडच्या राज्यांत ती पुन्हा घटू लागली. तिथली खाती दर उन्हाळ्यात मादीमागे पिल्ले किती हे मोजतात, म्हणून घट दिसताच काहींनी शिकारीचा हंगाम पुढे ढकलला. लाखोंनी पक्षी असणारे पिल्ले मोजतात आणि आपण मात्र शेकड्यांत उरलेल्या पक्ष्याचे फक्त उड्या मारणारे नर मोजतो. किती घरटी लागली, त्यांतली किती पिल्ले उडाली, याची बीडवार नोंद या पावसाळ्यापासून ठेवून दर नोव्हेंबरात ती जाहीर करावी.

महोदय, २०२२ च्या गणनेत ७८५ वाघ असलेले हे राज्य आहे. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नामिबियाहून चित्ते आणून गवताळ प्रदेशांना मान देण्याची भाषा याच राज्याच्या भूमीवर झाली. चित्त्यांवरच्या खर्चाच्या लहानशा अंशात वरील सर्व कामे होतील.

माळव्यात मान्सून साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पोचतो. त्यापूर्वी, १० जूनच्या आत, रतलाम, धार आणि झाबुआचे वनाधिकारी, कृषी विभाग आणि त्या गावांचे सरपंच यांची एकत्र बैठक बोलवावी. आमच्यापैकी दोघांना तिथे बसू द्यावे आणि वरील प्रत्येक मागणीवर लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
भोपाळमधील मराठी भाषक पक्षिनिरीक्षक व नागरिक
(सह्यांची पाने सोबत)