रोज डोक्यावरून पाणी

गेल्या शनिवारी घरी, म्हणजे नगरला गेलो होतो. (सरकारदरबारी २०२४ पासून अहिल्यानगर. पण आमच्या तोंडात नगरच बसलंय, तेव्हा इथेही तेच लिहितो.) संध्याकाळी आत्याकडे चहाला गेलो, तर तिथे महाभारत चालू होतं. आत्याची धाकटी मुलगी पोलीस भरतीची तयारी करतेय. पहाटे पाचला उठून पळायला जायचं, मग गोळाफेक, मग क्लास. गेले दोन महिने मात्र ती आठवड्यातून दोनदाच पळायला जाते. कारण विचारलं तर म्हणाली, "केस."

मला आधी कळलंच नाही. मग उलगडा झाला. पळालं की घाम येतो. घाम आला की डोकं धुवावंसं वाटतं. आणि डोकं धुवायची परवानगी फक्त बुधवारी आणि रविवारी! मग बाकीचे पाच दिवस चिकट, खाजणारं डोकं घेऊन क्लासमध्ये बसण्यापेक्षा पळायलाच जायचं नाही.

"दादा, तूच सांग आता आईला काहीतरी."

"काय सांगायचंय? परवा मोरीची जाळी उचलली तर हा एवढा गुंता निघाला. रोज डोक्यावरून पाणी घेतलं की असंच व्हायचं. उद्या टक्कल पडलं म्हणजे?" इति आत्या.

महिलांची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यातले २० गुण एकट्या ८०० मीटर धावण्याचे. आणि ही पोरगी मोरीच्या जाळीतल्या गुंत्यापायी त्या गुणांवर पाणी सोडायला निघालेली. माझं डोकं फिरलं (त्यावर केस कमी असल्याने लवकर फिरतं :) ), म्हणून हा लेख.

आणि हे फक्त आत्याचंच नाही, मंडळी. पुण्यात माझ्या टीममधल्या तीन मुलींनी याच कारणासाठी जिम सोडलीय. मुलंही काही कमी नाहीत. जिममधला ट्रेनर सांगतो, "रोज शाम्पू नको मारूस, गळतील." आणि हा गडी तासभर घाम गाळून त्यावर हेल्मेट चढवतो आणि तसाच ऑफिसला येतो. शेजारी बसणाऱ्यांची कुणाला काही पडलेली नसते.

तर पहिला मुद्दा, जाळीतल्या गुंत्याचा. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग त्याची वाढ थांबते, दोन-तीन महिने तो नुसता जागेवर बसून राहतो आणि शेवटी गळतो. अशा हिशेबाने रोज ५० ते १०० केस जाणं अगदी नॉर्मल आहे. धुताना निघतो तो हाच, मुळातून आधीच सुटलेला केस. पाणी त्याला मारत नाही, फक्त बाहेर काढतं.

आता गणित करा. दिवसाला ७० केस धरले आणि डोकं आठवड्याने धुतलं, तर ४९० केस सुटलेले असणार. निम्मे विंचरताना गेले असं धरलं तरी रविवारी मोरीत अडीचशे केस दिसणार. रोज धुणारीला रोज थोडे दिसतील. एकूण बेरीज तीच! सर्व्हरचा लॉग रोज बघितला तर चार ओळी दिसतात, आठवड्याने उघडला तर धडकी भरते. म्हणून लॉग उघडल्यामुळे एरर आले असं कोणी म्हणतं का? (आमचा एक मॅनेजर म्हणायचा. असो.)

दुसरा मुद्दा घामाचा. घाम हा मुख्यतः पाणी आणि मीठ. तो एकटा फारसं वाकडं करत नाही. पण टाळूवर तेलग्रंथी असतात, त्यांचं तेल असतं आणि त्या तेलावर जगणारी मालासेझिया नावाची बुरशी तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या डोक्यावर असते. ती तेल फोडून खाते. त्यातून जी आम्लं उरतात ती काही जणांच्या कातडीला सोसत नाहीत, मग खाज सुटते आणि पापुद्रे निघतात. हाच तो कोंडा. दमट, न धुतलेलं, घट्ट बांधलेलं डोकं म्हणजे तिच्यासाठी घरचं कार्य. आणि त्यावर आपले घरगुती उपाय काय? "कोंडा झालाय, डोकं कोरडं पडलंय, तेल चोपड!" म्हणजे पंगतीत आणखी वाढप.

२०२१ साली डोकं किती वेळा धुवावं यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आशियाई लोकांवरच केलेला. त्यात आठवड्यातून पाच-सहा वेळा धुणारे सगळ्यात समाधानी निघाले आणि जास्त धुण्याने नुकसान झाल्याचं दिसलं नाही. आता इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की हा अभ्यास प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या लोकांचा होता. शाम्पू विकणारा धू म्हणूनच सांगणार! म्हणून मी रोज शाम्पू वापरा असं म्हणतच नाहीये. रोज पाणी घ्या, शाम्पू दिवसाआड चालेल. पण कमी धुतल्याने केस वाचतात, हे कोण कशाच्या जोरावर सांगतो? आजीच्या?

आजीची बाजूही ऐकू. कमरेपर्यंत केस, विहिरीवरून आणलेलं पाणी, चुलीवर तापवायला सरपण, शिकेकाई उकळायची, मग वाळवत बसायचं. नगर जिल्हा तर निम्मा दुष्काळी. पाथर्डी-कर्जत भागात प्यायला टँकर येत असताना रोज न्हाणं कुठून परवडणार? मला वाटतं, वार ठरवून न्हाण्याचा नियम मुळात पाणी आणि सरपण वाचवण्याचा असावा. त्या वेळी तो शहाणपणाचाच होता. पण नंतर त्याला आधी धर्म चिकटला (सोमवार नको, गुरुवार नको, भाऊ असेल तर अमुक वार नको, घरागणिक वार वेगळा) आणि मग वैद्यक चिकटलं. आता मोटार सुरू केली की टाकी भरते, केस खांद्यापर्यंतच आहेत, पळून आल्यावर अंघोळ करायचीच आहे. नियम मात्र जागचा हलत नाही.

गंमत बघा, हाच नियम पैलवानाला कोणी लावत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरी झाली. त्या मैदानात उतरलेला प्रत्येक गडी वर्षानुवर्षं तालमीतून निघाला की डोक्यावरून बादली ओतत आलेला. त्याला कुठली आत्या "गळतील रे" म्हणाली? केस गळण्याची भीती पोरींसाठी राखीव आहे, कारण पोरीचा केस हा लग्नाच्या बाजारातला माल आहे. हे वाक्य आत्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही, इथे लिहितो.

आता सगळ्यांचा लाडका आरोपी: जड पाणी. "नगरचं पाणीच तसलं, बोअरचं, त्यानेच गळतात." महापालिकेचं पाणी मुळा धरणातून येतं, ते बरं असतं. पण ते पुरत नाही म्हणून वापरायला बोअर. आमच्याकडचा काळा पाषाण मुरणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोडतो. खाली प्रवरेच्या बागायती पट्ट्यात उसाला पाणी देऊन देऊन जमिनी आणि विहिरी खारट झाल्यात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाला पांढरी खपली धरते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर ६००. काही बोअर त्याच्याही पुढे जातात.

या पाण्याने केस राठ होतात, हे खरं. अंगाचा साबण लावलात तर साबण आणि कॅल्शियम मिळून चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. शाम्पूने तो फारच कमी होतो. केसाच्या ताकदीबद्दल अभ्यास उलटसुलट आहेत. २०१३ च्या भारतातल्या एका अभ्यासात जड पाण्याने ताकदीत फरक दिसला नाही, २०१८ च्या पाकिस्तानातल्या अभ्यासात दिसला. पण दोन्ही अभ्यास कापून घेतलेल्या केसावरचे, म्हणजे दोऱ्याबद्दलचे. मुळाचा इथे संबंध नाही. केस मधून तुटणं आणि मुळातून गळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा बाजार या दोन्हींची सरमिसळ करण्यावर चालतो. शॉवरला लावायची ती छोटी फिल्टरं आठवा. क्लोरीन थोडं कमी करतील, पण जडपणा काढायला रेझिन आणि ते धुवायला मीठ लागतं. मूठभर डबीत ते मावत नाही. पैसे फुकट.

(आणि एक उद्योग कृपया करू नका. आरओचं वाया जाणारं पाणी "वाचवून" त्याने केस धुणारे लोक मी पाहिलेत. अहो, त्यात काढून टाकलेलेच क्षार असतात! फरशी पुसा त्याने.)

मग केस खरंच गळतात तेव्हा कारण काय असतं? इथे मला बुलढाण्याची आठवण होते. डिसेंबर २०२४-जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात यायला लागले. अठरा गावं, पावणेतीनशेच्या वर माणसं. "टक्कल व्हायरस" म्हणून टीव्हीवाल्यांनी धुमाकूळ घातला. पहिला संशय कोणावर? शाम्पूवर आणि पाण्यावर! पाण्याचे नमुने गेले, दिल्लीहून पथकं आली. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी स्वतः खपून निष्कर्ष मांडला, की रेशनच्या गव्हात सेलेनियम प्रमाणाबाहेर होतं. आपण मोरीत शोधत होतो, त्यांना ते ताटात सापडलं.

आपलं प्रकरण एवढं नाट्यमय नसतं, पण दिशा तीच. ताप, डेंगी, बाळंतपण, ऑपरेशन किंवा अचानक जेवण तोडणं, यांचा धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. दोन-तीन महिन्यांनी! जानेवारीत संकल्प करून जिम लावायची, भात-पोळी बंद, दिवसभर काकडी. मार्चमध्ये केस गळाले की दोष रोज धुण्याला. बग जानेवारीच्या रिलीजमधला आणि शिव्या आजच्या डिप्लॉयमेंटला. दुसरं कारण लोह. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. माझी बहीण पहाटे एका कपभर चहावर पळत होती आणि घरात सगळ्यात शेवटी जेवत होती. तिच्या रक्ताची तपासणी करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ती किती बादल्या वापरते हे मात्र सगळ्यांना पाठ. पुरुषांचं कपाळ मागे सरकतं ते आनुवंशिक, हार्मोनचं. रोज धुवा नाहीतर वर्षाने धुवा, ते सरकणारच. त्यावर लवकर गेलात तर त्वचारोगतज्ज्ञांकडे औषधं आहेत. (क्रिएटिनने टक्कल पडतं म्हणणाऱ्यांसाठी: ते २००९ च्या एका अभ्यासावरून, ज्यात केस मोजलेच नव्हते. २०२५ मध्ये बारा आठवडे केस मोजून पाहिले, फरक दिसला नाही.)

धुण्याने नाही, पण धुण्याच्या पद्धतीने केस तुटतात, हे मात्र मान्य. ओला केस फुगतो आणि कमजोर होतो. आणि आपल्याकडे नेमकं तेव्हाच पंचाने फटाफट झटकतात, बारीक फणी ओढतात आणि ओल्याचाच अंबाडा घालतात. बहिणीला सांगितलं ते असं: पळताना वेणी सैल घाल. कपाळावरची कातडी ताणेल अशी पोनीटेल रोज बांधलीस तर कडेचे केस कायमचे जाऊ शकतात. आल्यावर डोक्यावरून साधं पाणी, दिवसाआड शाम्पू, तोही फक्त टाळूला. टोकांना कंडिशनर. शेवटचा तांब्या नळाच्या पाण्याचा. टॉवेलने टिपायचं, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सोडवत यायचं. तेल हवंच असेल तर धुण्याआधी अर्धा-एक तास, केसांच्या लांबीला. खोबरेल तेलाने धुताना केसातलं प्रथिन कमी जातं, असं २००३ साली मॅरिकोच्या संशोधकांनी दाखवलं होतं. (तेही तेलच विकतात, हो. पण मूळ मजबूत होतं असं त्यांच्याही प्रयोगात नव्हतं.) कोंडा हटला नाही, गोल चाई पडली किंवा पुळ्यांतून पू आला तर घरगुती प्रयोग बंद, सरळ डॉक्टर.

रविवारी सकाळी तिला घेऊन चांदबीबी महालाच्या डोंगरावर पळायला गेलो. (ती कबर खरं तर दुसऱ्या सलाबतखानाची. चांदबीबीचा संबंध नाही, पण नगरमध्ये कोणाला सांगून उपयोग नाही.) तिने मला चढावर पार मागे टाकलं. आत्याने हिमोग्लोबिन तपासून घ्यायचं कबूल केलंय. धुण्याच्या बाबतीत मात्र बरीच घासाघीस झाली. शेवटी म्हणाली, "धू बाई रोज, पण गुरुवार सोडून."

बहिणीने गुरुवारी गोळाफेकीचा सराव ठेवलाय.