नकाशावरचं छोटं अंतर

कोस्टा रिका महाराष्ट्राच्या जेमतेम एक षष्ठांश, म्हणून आठवड्यात सगळा देश पालथा घालू असं वाटतं. तसं होत नाही. मधोमध ज्वालामुखींची रांग आहे आणि रस्ते वळणावळणांचे; तिथं अंतर किलोमीटरवर नव्हे, तासांवर मोजावं. त्यामुळे पहिला निर्णय विमानतळाचा. ग्वानाकास्तेचे समुद्रकिनारे पाहायचे तर लिबेरियाला उतरा. मध्य पठार किंवा कॅरिबियन किनारा गाठायचा तर सान होसेला. पॅसिफिक बाजूला मे ते नोव्हेंबर पाऊस असतो, पण कॅरिबियन किनारा नेमका सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बराच कोरडा राहतो. त्याच किनाऱ्यावरच्या तोर्तुगेरोला गाडीरस्ता नाहीच. होडीनं किंवा छोट्या विमानानं जावं लागतं. आरेनाल ज्वालामुखी आणि मोन्तेवेर्देचं जंगल यांच्यामध्ये तळं आहे, ते होडीनं ओलांडलं की मोठा वळसा वाचतो. वर्षभर संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो, म्हणून घाटातला प्रवास उजेडीच संपवा. माझं कळकळीचं सांगणं एवढंच: आठवड्यात दोनच ठिकाणं निवडा आणि तिथं मनसोक्त राहा. इथलं जंगल धावत्या गाडीतून दिसत नाही, त्याला वेळच द्यावा लागतो.