घामाचा जमाखर्च

उन्हाळा आला की ‘सर्वांगाला घाम सुटला’ असे सहज म्हटले जाते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने हे विधान तंतोतंत खरे नाही. मानवी देहावर सुमारे २० ते ४० लाख घर्मग्रंथी असतात. परंतु त्यांची वाटणी समान नसते. तळहात, तळपाय व कपाळ येथे त्या दाटीने असतात, तर पाठीवर व हातापायांवर त्या मानाने विरळ. ओठांचा लाल भाग, नखांखालची त्वचा, कानाचा पडदा व गुप्तांगांचा काही नाजूक भाग येथे त्या मुळीच नसतात. ओठांवर तैलग्रंथीही जवळजवळ नसल्याने ते लवकर फुटतात. निजताना ओठांना तूप लावण्याची घरोघरची रीत म्हणूनच सार्थ ठरते.

सर्व ग्रंथी एकाच कारणाने पाझरत नाहीत. यास कुनो या जपानी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा भेद विस्ताराने मांडला. छाती, पाठ व हातपाय यांवरील घाम मुख्यतः उष्णतेने येतो. तळहात व तळपाय यांचा मुख्यतः मनावरील ताणाने. तळहातावर तैलग्रंथी नसतात. तेथील ओलावा घामाचाच असतो. नोटा मोजताना वा कापडाचा पोत चाचपताना बोटांना मिळणारी पकड बऱ्याच अंशी त्यामुळेच. वयोमानाने हा ओलावा कमी होतो. मग गल्ल्याजवळ ओला स्पंज ठेवावा लागतो आणि ठसे घेणाऱ्या यंत्रावर अंगठा उमटेनासा होतो.

काख व जांघ येथे आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या किशोरवयात कार्यरत होतात. त्यांचा स्राव मुळात जवळजवळ गंधहीन असतो. त्वचेवरील जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा दुर्गंधी येते. यावर खरा उपाय स्वच्छता व कोरडे सुती वस्त्र हाच. अत्तर केवळ झाकण घालते.

निसर्ग हा खर्च विनाकारण करीत नाही. एक लिटर घाम त्वचेवर वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत घाम निथळतो, अंग चिकचिकते, पण पुरेसा थंडावा मिळत नाही. उलट अकोला-नागपूरच्या कोरड्या उन्हात तो येताक्षणीच उडून जातो. सदरा कोरडा राहतो आणि घाम आलाच नाही असा समज होतो. खर्च होत असतो, फक्त वहीत त्याची नोंद दिसत नाही. म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी घ्यावे. वृद्धांना घाम व तहान दोन्ही कमी लागत असल्याने घरच्यांनी त्यांना आठवण द्यावी. सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्यांनी दिवसभर थोडे थोडे पाणी घ्यावे. सायंकाळी एकदम पिऊन दिवसाची उणीव भरून निघत नाही. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवावे.

घामाचे बदललेले वर्तन ही कधी कधी सूचना असते. जुन्या मधुमेहात पायांच्या नसा क्षीण होतात व तळपायांचा घाम आटतो. त्वचा कोरडी पडून भेगा पडतात आणि बधिरतेमुळे जखम कळत नाही. अशा व्यक्तींनी अनवाणी चालणे टाळावे व रोज तळपाय पाहावेत.

त्याहून गंभीर सूचना थंड घामाची. उकाडा नसताना, गादीवर बसल्या बसल्या दरदरून घाम फुटला, छातीवर दडपण आले, हात वा जबडा दुखू लागला, तर ते पित्त समजून घरी थांबू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. मधुमेहींमध्ये छातीत फारसे न दुखताही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. उन्हात अंग तापून बोलणे असंबद्ध झाले, तर घाम येत असो वा नसो, तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा व विनाविलंब उपचार मिळवावेत. दुकान तासभर बंद राहिल्याने होणारी हानी भरून निघते. या प्रसंगी दवडलेला तास भरून निघत नाही.