दात्यासमोर बोललेली मुलगी

थोरांची चरित्रे आपण मुलांना बहुधा एकाच साच्यात सांगतो : गरिबी, बुद्धी, कष्ट आणि शेवटी मोठे पद. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या वकील आणि न्यायाधीश कॉन्स्टन्स बेकर मोटली यांचे बालचरित्रही या साच्यात सहज बसेल. १९२१ मध्ये न्यू हेवन येथे जन्म, वडील स्वयंपाकी, बारा भावंडांत नववी; आणि १९६६ मध्ये फेडरल न्यायाधीश झालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. आम्हाला मात्र त्यांच्या तरुणपणीचा एक प्रसंग मुलांपुढे ठेवावासा वाटतो.

शाळा संपली होती. पुढे शिकण्यास पैसे नव्हते. गावातील कृष्णवर्णीयांसाठी बांधलेल्या समाजकेंद्राकडे त्यांचेच लोक फिरकत नसत. कारण शोधण्यासाठी सभा भरली. कॉन्स्टन्सने स्पष्ट सांगितले, की कारभारी मंडळ सारे गोऱ्यांचे आहे. कारभारात आम्हाला स्थान नाही, म्हणून हे केंद्र आम्हाला आपले वाटत नाही. केंद्राचे गोरे देणगीदार क्लॅरेन्स ब्लेकस्ली तेथेच होते. ते रागावले नाहीत. उलट, या मुलीच्या शिक्षणाचा खर्च त्यांनी उचलला.

बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथूनच मोटली १९४६ मध्ये कायद्याच्या पदवीधर झाल्या. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणाऱ्या १९५४ च्या 'ब्राउन' खटल्याचा मूळ दावा त्यांनी लिहिला. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी दहा खटल्यांत युक्तिवाद केला, नऊ जिंकले. न्यायासनासमोर निर्भयपणे बोलणारी ही स्त्री प्रथम दात्यासमोर बोलली होती.

आपल्या निवासी शाळाही समाजाच्या दानावर उभ्या आहेत. पाहुणे आले की मुले स्वागतगीत म्हणतात, हात जोडतात. कृतज्ञता हा सद्गुणच आहे. पण भात कच्चा राहतो, ग्रंथालयाला कुलूप असते, हे त्याच मुलाने सभेत उभे राहून सांगितले, तर आम्ही शिक्षक त्याला शाबासकी देऊ की खाली बसवू? कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. तो आम्ही परिपाठात शिकवतो, भोजनगृहात विसरतो.

म्हणून मोटलींचे चरित्र मुलांच्या हाती जरूर द्यावे. ते वाचून झाल्यावर मुलांना एवढेच विचारावे : आपल्या वसतिगृहात काय बदलले पाहिजे? उत्तर ऐकताना आपण ब्लेकस्लींच्या जागी बसलो आहोत, याचे भान आम्हा शिक्षकांना, संस्थाचालकांना आणि दात्यांना असावे. मुलगी बोलली, हे अर्धेच चरित्र आहे. तिचे ऐकले गेले, हे उरलेले अर्धे.